पाणी येईपर्यंत

"ही विचारायलीय का माफी मागायलीय?"

पत्र्याच्या शेडमधून हे वाक्य कानावर आलं तेव्हा माझा हात दाराच्या कडीवर होता. आत कापसातला कचरा निवडणाऱ्या बाया बसल्या होत्या. बोलणारी कमलमावशी, त्यांची मुकादमीण. थोड्या वेळापूर्वी मी तिथं जाऊन, सगळ्यांनी डोक्याला रुमाल बांधलेत ना, असं काहीसं पुटपुटून आले होते. "लय शिकलेली हाय माय, इंग्लिश शाळेतली," दुसरी कुणीतरी म्हणाली. "तिकडं आसंच विचारतेत आसंल." मग सगळ्याच हसल्या. त्या हसण्यात काही विखार नव्हता. घरातल्या अबोल सुनेला हसतात तसं हसणं होतं ते. मी कडीवरचा हात काढून घेतला आणि आत न जाता मागे वळले.

दिवाळी सरली की सेलूहून देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. काठोकाठ भरलेले टेम्पो आणि ट्रॉल्या त्यांना घासून जातात, आणि बाभळीचे काटे प्रत्येक गाडीतून चिमूटभर कापूस काढून घेतात. परवा सकाळी परभणीहून आलेल्या गाडीतून उतरून रिक्षानं कामावर जाताना हे पांढरं दिसलं. नवा हंगाम सुरू झाला. आणि दर वर्षी होतं तसं झालं. आधी नाकाला सरकीचा तेलकट वास आठवला, मग पापण्यांवर बसणारी तूस, मग जिन सुरू होताना पायांखालच्या जमिनीला फुटणारा कंप, आणि या सगळ्याच्या मागून कमलमावशीचं ते वाक्य.

ते वाक्य ऐकलं तो माझा पहिला हंगाम होता. कापसापासून सरकी वेगळी करायची, रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, असं आमच्या जिनिंगचं काम. मला घेतलं होतं मालाची प्रत तपासायला. कामाला लागल्यावर चारच दिवसांत "सेफ्टीचं बी तुमीच बघा" असं सांगून व्यवस्थापक जोगदंड सरांनी ते कामही माझ्याकडे दिलं. प्रत तपासणं मला आवडायचं. कापूस बोलत नाही. मुठीत धरला की ओल कळते, उन्हात धरला की कचरा दिसतो. सेफ्टीचं तसं नव्हतं. त्यात माणसांना विचारावं लागायचं, आणि एकदा विचारून भागायचं नाही.

पहिल्यांदा विचारणं सोपं असतं. दुसऱ्यांदा विचारताना मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. विश्वास नाही का आमच्यावर, असं. आमच्या भागात वयानं मोठ्या माणसाला तेच काम पुन्हा विचारणं हे जवळजवळ उद्धटपणात मोडतं. आमच्या शाळेत हा प्रश्न कधी आला नाही. तिथं सगळं डायरीत लिहून यायचं, खाली घरच्यांची सही व्हायची. इंग्रजीत एक मऊसूत वाक्य लिहिलं की आठवण करून दिल्यासारखं व्हायचं, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागायचं नाही. जिनिंगमध्ये मी तोच उपाय करून पाहिला. ग्रुपवर मेसेज टाकायचे. त्यावर सगळ्यांचे अंगठे यायचे आणि कामं होती तिथंच राहायची. आणि ज्यांना सगळ्यात जास्त विचारायचं होतं त्या रशीद चाचांचा फोन बटणांचा होता.

रशीद चाचा फिटर. जिनिंग उभी राहिली तेव्हापासूनचे. त्यांच्या खिशात कायम एक छोटा पाना आणि बडीशेप असायची, आणि दोन्हींना ग्रीसचा वास यायचा. मी कामावर आले त्या पहिल्याच दिवशी दुपारी ते माझ्या टेबलापाशी येऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "बेटा, बायांच्या संडासाला आतून कडी नव्हती. बसवली. बगून घे एकदा." मी कुणाला काही बोलले नव्हते. नंतर आठवड्यानं पुन्हा आले. "कडी बराबर लागायली ना?" काम करून पुन्हा विचारायला येणारा तिथला मी पाहिलेला पहिला माणूस तोच. म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

शेडच्या दारातून मागे फिरले ती मी पंपघरामागे गेले. माणसांचा कंटाळा आला की मी तिथं जात असे. छोटी खोली, बाहेर आगीच्या पाण्याचा जाड लाल पाइप, त्यावर गाडीच्या स्टिअरिंगएवढं लोखंडी चाक. आत पंपाची मोटर. मोटर लावायची, चाक फिरवायचं, की कापसाच्या ढिगांजवळच्या नळ्यांना पाणी. जिनिंगमध्ये आगीचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, यंत्राला घासला, ठिणगी उडाली, एवढं पुरतं. म्हणून हंगामात रोज सकाळी पंप चालवून बघायचा असा नियम, आणि तो चाचांकडे.

त्या चाकावर झेंडूचा हार होता. खंडेनवमीचा. त्या दिवशी वजनकाट्यापासून झाडूपर्यंत सगळ्यांची पूजा झाली होती. आमचं घर बौद्ध, त्यामुळे ही पूजा मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ती आवडली होती. ज्याच्यावर आपण वर्षभर हात चालवतो त्याच्यापुढं एक दिवस हात जोडायचे. कमलमावशीनं सगळ्यात मोठा हार पंपासाठी ओवला होता. चाकाच्या आऱ्यांतून आतबाहेर फिरवून, वर लाल दोऱ्याची गाठ. आता फुलं वाळून तांबूस झाली होती. ऊन तिरपं पडलं होतं, आणि मी कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिले. एक फूल तुटलेलं नव्हतं. दोरा होता तसा.

चाक फिरलं असतं तर हार तुटला असता.

मला सावकाश कळतं, पण एकदा कळलं की डोक्यातून जात नाही. मोटरचा आवाज तर मी रोज सकाळी ऐकत होते. म्हणजे चाचा मोटर लावत होते. खोलीतल्या दाबाच्या घड्याळावर काटा चढत होता. मग मोटर बंद. चाक न फिरवता. पाणी पाइपात जागच्या जागी उभं, पावसाळाभर भिजलेल्या, गंज खाल्लेल्या चाकाच्या अलीकडं. आणि पलीकडं दोन मजली घराएवढे कापसाचे ढीग.

आमच्याकडे सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी एक रिवाज आहे. वजनकाट्याशेजारी सगळे जमतात, चहा येतो, आणि जोगदंड सर आधी स्वतःचं सांगतात. "काल म्हणलो होतो बायांच्या शेडात पंखा लावतो. लावला न्हाई. विसरलो. आज लावतो. उद्या मला विचारा." बाया या प्रकाराला कबुली म्हणतात. "चला गं, कबुलीचा चहा आला." दुसऱ्या सकाळी कमलमावशी ग्लास तोंडाला लावायच्या आधीच विचारते, "पंखा कुटंय सर? का वाऱ्यालाच सांगून आलात?" सर हसून मान खाली घालतात. त्यांनी स्वतःचं आधी उघडं केलेलं असल्यामुळे मग इतरांना सांगताना फारसं जड जात नाही. कुणाचं काय राहिलं, कधी होईल, कुणी बघायचं. सगळं पाच-दहा मिनिटांत, उभ्याउभ्या.

त्यातला माझा वाटा म्हणजे चाचांना पंपाचं विचारणं. मी म्हणायची, "चाचा, ते पंपाचं, बघितलंच असेल ना तुम्ही?" माझ्या प्रश्नात उत्तर आधीच शिजवून वाढलेलं असायचं. चाचांना फक्त ते उचलायचं असे. "हौ बेटा. चालू केला, काटा चढला, बंद केला." आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. हेच मला रात्रंदिवस छळत होतं. मी विचारत होते पंपाचं. पाण्याचं मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढचे काही दिवस मी रोज हार बघून येत असे. मनात एक भाबडी आशा, की आज तुटलेला असेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. हार काही तुटला नाही. स्वतः काढून टाकावा असंही मनात आलं. पण मी कोण काढणार? पूजा माझी नाही, काम माझं नाही. आणि चाचांना चारचौघांत कसं म्हणायचं, की तुम्ही रोज सांगता ते अर्धं आहे? त्या वयाचा माणूस. मालकांनी कितीतरी वेळा तरुण फिटर बघा म्हणून सुचवलेलं आणि सरांनी प्रत्येक वेळी टाळलेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या एका वाक्यानं ते दार उघडलं असतं. आणि नाही बोलले, तर एखाद्या दुपारी बाया त्या ढिगाशेजारी बसलेल्या असतील.

शेवटी मी सरांकडे गेले. केबिनमध्ये, हळू आवाजात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हाराबद्दल ऐकताना भुवया वर गेल्या, पण हसले नाहीत.

"मग मी काय करू?" ते म्हणाले.

"तुम्ही चाचांना सांगितलं तर..."

"मी सांगितलं तर चाचाला वाटंल मॅडमनं मागून सांगितलं. अन् ते खरंच हाय की." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मॅडम, मागून सांगितलं की त्याची चुगली होती. तेच तोंडासमोर इचारलं की काम होतं. चाचा तुमच्यावर रागवायचे न्हाईत. रागवले तर मी हाय. पण इचारायचं तुमीच."

मला त्यांचा राग आला होता, हे आज लिहायला हरकत नाही. साधं काम, एक वाक्य, ते त्यांनी बोलायचं तर उचलून माझ्याच पदरात टाकलं. घरी गेल्यावर मी बाबांना सांगितलं. बाबा शिक्षक. ते वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाले, "मी नवीन होतो तेव्हा गृहपाठ भरपूर द्यायचो आणि तपासायचो नाही. मुलांना वाटायचं सर चांगले आहेत. पुढं कळलं, मुलांचं काय चाललंय हे बघायला मीच घाबरत होतो." मग त्यांनी लाल पेनानं एका वहीवर बरोबरची खूण केली आणि ती माझ्याकडे सरकवली. अक्षर फार सुंदर होतं. त्यावर दोघांचं एकमत झालं आणि पंपाचा विषय तिथंच राहिला. आमच्या घरात अवघड गोष्टी अशाच शेजारी ठेवल्या जातात.

या वर्षी नव्या हंगामाचा पहिला कापूस घेऊन आलेल्या गाडीवाल्याला सरांनी टोपी-टॉवेल दिला, तेव्हा रशीद चाचा माझ्या शेजारी उभे होते. आता ते रोज येत नाहीत. गरज पडली की येतात, आणि गरज नसतानाही येतात. त्यांनी हातातल्या बडीशेपेतली अर्धी मला दिली. समोर कमलमावशी झेंडूच्या माळा सोडवत होती. हल्ली आमच्याकडे पंपाचा हार चाकाला लावत नाहीत, खोलीच्या चौकटीला लावतात. हे कुणी ठरवलं, कधी ठरलं, कुणालाच सांगता यायचं नाही. ते तसंच होत आलंय असं नवीन माणसाला वाटावं इतकं ते अंगवळणी पडलंय. सकाळच्या कबुलीत आता सरांनंतर माझा नंबर असतो. मी माझं राहिलेलं आधी सांगते. परवा सांगितलं, की नव्या बायांसाठी रुमाल आणायचे होते, आणले नाहीत. "मंग काय, तुमची वढणी बांधावी का डोस्क्याला?" कमलमावशी म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी मी हसले.

त्या पहिल्याच हंगामात, संक्रांतीच्या सुमाराला, ठिणगी पडली. कापसाबरोबर खडा गेला होता. यंत्रातून पिवळट धूर निघाला, जळका वास आला, कुणीतरी पेटलेली रुई ओढून अंगणात टाकली आणि वाऱ्यानं तिचा एक पुंजका ढिगाच्या कडेला लागला. आवाज काहीच झाला नाही. कापूस पेटताना आवाज करत नाही, हे मला तेव्हा कळलं. बाया उठून बाहेर पळाल्या. चाचा पंपघराकडे गेले, आणि मी बघत होते, त्यांच्या हातांखाली चाक लोण्यातून फिरावं तसं फिरलं. पाणी आलं. ढिगाची एक कड भिजून राखाडी झाली, थोडा माल गेला, बाकी काही नाही. दुपारी सरांनी कुठूनसा हुरडा मागवला आणि आम्ही सगळे ओल्या अंगणात बसून तो खाल्ला. गरम दाणे, लसणाची चटणी, आणि हवेत अजून जळक्या कापसाचा वास. कमलमावशीनं आधी माझ्या ओंजळीत दाणे टाकले, मग स्वतःच्या.

चाक त्या दिवशी फिरलं, कारण ते त्याच्या कितीतरी आधीच्या एका सकाळी पहिल्यांदा फिरलं होतं. त्या सकाळी ते सहज फिरलं नव्हतं. चाचांनी पाना लावला, तेल सोडलं, दोघांनी मिळून जोर केला तेव्हा करकरत सरकलं, आणि नळीतून आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग खूप वेळानं स्वच्छ. पण मला हंगाम परतून आला की त्या पाण्यापेक्षा त्याच्या आधीची दोन-चार मिनिटं आठवतात.

थंडी होती. चहाच्या ग्लासांतून वाफ येत होती. सरांचं आपलं राहिलेलं सांगून झालं होतं आणि ते ग्लासात बघत होते. माझी पाळी. मी म्हणाले, "चाचा, ते पंपाचं, बघितलंच असेल..." बायांच्या बाजूनं बारीक खसखस ऐकू आली.

"हौ बेटा. चालू केला, काटा चढला, बंद केला."

नेहमी मी इथं मान हलवून थांबायची. त्या दिवशी थांबले नाही. "पाणी कुठं पडलं, चाचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, जरा गोंधळून. "पाणी?"

"चाकावर हार आहे. खंडेनवमीचा. तो तसाच आहे."

लांब कुठंतरी ट्रॅक्टर सुरू होत होता. चाचांनी खिशातल्या पान्यावर हात ठेवला. "बेटा, पूजेचा हार हाय," ते हळू म्हणाले. "तुमी लोकांनी इतक्या मानानं लावलेला. मी कसा तोडू? मला वाटलं कमल उतरवंल, मग फिरवू."

"मी?" कमलमावशीनं ग्लास खाली ठेवला. "चाचा, पंप तुमचा. मी म्हणलं काम चाचाचं हाय, चाचाच काढतील. पूजेचं कुणी बी उठून काढावं का?"

"मग मॅडमनं तरी काढायचा," मागून एक जण म्हणाला.

"त्या कामून काढतील? त्यांनी लावला का?"

आणि मग हशा पिकला. चाचाही हसले, तोंडावर हात धरून. एकमेकांचा मान राखता राखता आम्ही सगळ्यांनी मिळून पाणी अडवून ठेवलं होतं. सर मात्र अजून ग्लासातच बघत होते. "ठीक हाय," चाचा म्हणाले, "संध्याकाळी बगू, मशिनी बंद झाल्यावर." "हां, संध्याकाळी," कमलमावशी म्हणाली. माणसं पांगायला लागली. कुणी ग्लास विसळत होतं, कुणी डोक्याला रुमाल बांधत होतं. सगळे खूश होते. माझा प्रश्न विचारून झाला होता, उत्तर मिळालं होतं, कुणी दुखावलं नव्हतं. मी सुटले होते. आणि हार चाकावरच होता.

मी खाकरले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, कारण पांगणारी माणसं थांबली आणि सरांनी ग्लासातून मान वर केली.

"संध्याकाळी नको, आत्ता," मी म्हणाले. "मशिनी नंतर सुरू करू. मावशी, हार तुम्ही उतरवा. चाचा, चाक तुम्ही फिरवा. पाणी येईपर्यंत मी तिथं उभी राहते."